मी दिलेला तंदुरुस्तीचा दाखला

विषय : कुमारी मैत्रेयी हिच्या उजव्या गुडघ्याची दुखापत, व सदर दुखापतीत निम्नस्वाक्षरीकाराने बजावलेली कामगिरी.

संदर्भ : हौगांग येथील मैदानावर झालेला शाळकरी मुलींचा फुटबॉल सामना.

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की…

जाऊ द्या. हाताला लागलेलं वळण आहे, निवृत्त झालो तरी जात नाही. चहा घ्या आधी. एका शहाण्या माणसानं भर मैदानात, भरपूर साक्षीदारांसमोर, स्वतःची अक्कल कशी पाजळली ते सांगतो. खुशाल हसा, मीही हसतच सांगणार आहे. मध्येच गप्प झालो तर चहा गरम आहे असं समजा.

मी सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत कारकून होतो. सगळी नोकरी अकोल्यात. माझ्याकडे रजेची टेबलं. टेबलं म्हणजे काय, तर जिल्ह्यातली सगळी दुखणी माझ्या टेबलावरून जायची. एक महाशय कंबर धरली म्हणून मेडिकलवर गेले आणि मला माझ्याच साडूच्या मुलीच्या वरातीत बँडपुढे नाचताना सापडले. दुसऱ्या एकाला दर वर्षी नेमकी आंब्याच्या दिवसांत कावीळ व्हायची. रत्नागिरीची सासुरवाडी होती त्याची. एकानं तर उजवा हात मोडल्याचा अर्ज उजव्याच हातानं, सुंदर अक्षरात लिहून पाठवला होता!

असलं टपाल रोज उघडलं की माणसाचं काय होणार? कोणी 'आई गं' म्हणालं की त्यातली आई किती आणि अभिनय किती, हे आपल्याला ऐकताक्षणी कळतं, असा माझा समज झाला. समज कसला, दावाच होता. आणि निवृत्त माणसाकडे दाव्याखेरीज असतं काय?

सिंगापुरात मुलाकडे राहायला आलो तर इथे सगळा देश एमसीवर चाललेला. एमसी म्हणजे वैद्यकीय दाखला. लिफ्टमध्ये दोघं भेटले की एक विचारतो, काल दिसला नाहीस? दुसरा म्हणतो, एमसी. लगेच पहिल्याचं समाधान! दाखला बघायलासुद्धा मागत नाही. मला एकाच वेळी घरी आल्यासारखं वाटलं आणि या देशाची काळजीही वाटली.

मिलिंद, माझा मुलगा, तुआसला जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात इंजिनिअर. सून सुजाता बँकेत. बुकित तिमाहला त्यांचा कॉन्डोतला फ्लॅट. आणि मैत्रेयी, म्हणजे आमची मैत्री, त्यांची एकुलती एक. तेव्हा पंधरा वर्षांची. लहानपणी दर उन्हाळ्यात अकोल्याला यायची तेव्हा माझ्या धोतराचं टोक धरून हिंडायची. पुढे शाळा इंग्रजी, मैत्रिणी इंग्रजी, मोबाइल इंग्रजी. मी विचारायचो, "जेवलीस का गं?" ती म्हणायची, "यस, आजोबा." "शाळा कशी चाललीय?" "ओके लाह." झालं संभाषण. इथे बोलण्याला शेपटी म्हणून लावतात त्या 'लाह'ला उत्तर कसं द्यायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

आणि मग फुटबॉल आला.

मैत्री शाळेच्या संघात डाव्या बाजूनं खेळायची. तिथून चेंडू घेऊन अशी सुसाट निघायची की बघणाऱ्याला धाप लागावी. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ते दोन हजार चौदा साल, ब्राझीलमधल्या विश्वचषकाचं. सामने इथल्या वेळेनं भलत्याच वेळी, म्हणून शाळेतून आल्यावर मैत्री ते पुन्हा दाखवायचे तेव्हा बघत बसायची. मीही सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला, पेपर घेऊन.

एकदा पडद्यावर एक धिप्पाड गडी पडला. नुसता पडला नाही, लोळला. चार कोलांट्या, चेहरा असा की आता याच्या तोंडात पाणी घाला. पंचानं समोरच्याला पिवळं कार्ड दाखवलं मात्र, हा उठून कपडे झटकून पळायला लागला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "सीएल."

मैत्रीनं वळून पाहिलं. "काय?"

"कॅज्युअल लीव्ह. नैमित्तिक रजा. अर्ध्या दिवसाची. कारण : खाजगी काम."

पोरगी अशी हसली म्हणता! हातातल्या पेल्यातलं चॉकलेटचं मायलो सोफ्यावर सांडलं. आतून आमच्या मंडळी ओरडल्या, "अहो, काय चाललंय तुमचं दोघांचं?" दोघांचं! किती वर्षांनी मी कोणाबरोबर तरी 'दोघांचं' काहीतरी करत होतो!

मग काय विचारता? जो पडेल त्याची रजा मी ठरवायची. नडगी धरून लोळणारा तो सीएल. स्ट्रेचरवरून बाहेर जाऊन लगेच उड्या मारत परत येणारा तो 'मेडिकल, बनावट दाखल्यासह'. डोकं आपटूनही पंचाशी भांडत उभा राहणारा, मला आज मैदानातून काढायचं नाही म्हणणारा, तो आमचा 'आदर्श कर्मचारी'. त्याला आम्ही दोघं उभं राहून टाळ्या द्यायचो. असा एक जण डोक्याला पट्टी बांधून खेळत होता, पट्टी लाल झालेली. मी म्हणालो, "बघ. याला म्हणतात नोकरी."

खरं सांगू? त्या माणसाला त्या क्षणी कोणीतरी हात धरून बाहेर नेऊन बसवायला हवं होतं. पण ते मला आता सुचतंय.

मैत्रीनं हे सगळं शाळेत नेलं. तिच्या मैत्रिणी, कोणी चिनी, कोणी मलय, कोणी फिलिपिनो, समोरच्या संघातली मुलगी पडली की कोरसमध्ये "सी-एल! सी-एल!" करायला लागल्या. महाराष्ट्र नागरी सेवा नियमांचा इतका प्रसार आजवर कोणी केला नसेल. मी शेफारलो.

एकदा तिनं विचारलं, "आजोबा, मी पडले तर? माझी कोणती?"

"तू कशाला पडतेस? आणि पडलीस तरी आपल्या घरात मेडिकल कोणी घेत नाही."

ती "ओके लाह" म्हणाली. या वेळी मला तो 'लाह' फार गोड वाटला.

शाळेचा संघ त्या वर्षी बँकॉकला स्पर्धेला जायचा होता. निवड हौगांगच्या सामन्यावरून होणार होती. मैत्रीनं पासपोर्ट काढून टेबलावर ठेवलेला, बॅगेचं माप घेऊन झालेलं. घरात दुसरा विषय नव्हता. आणि नेमकं त्या शनिवारी मिलिंदला तुआसला जहाज लागलेलं, सुजाताला ऑफिसात ऑडिट. शाळेचा नियम असा की मुलीबरोबर घरचं एक मोठं माणूस हवं. मोठं माणूस म्हणून माझी नेमणूक झाली. वयानं मोठं चालेल का, हे कोणी विचारलं नाही.

"नुसतं बसून राहा," मंडळींनी बजावलं. "तिथे तोंड उघडू नका."

"मी काय लहान आहे?"

"लहान असता तर काळजी नव्हती."

मैदानाच्या कडेला तंबू ठोकला होता. पालकांची गर्दी. माझ्या शेजारी मिसेस टॅन, म्हणजे गोलरक्षक मुलीची आजी. हातात पंखा, मांडीवर करी पफचा डबा. "अंकल, ईट, ईट," म्हणत त्यांनी मला दोन करी पफ खायला लावले. तिसऱ्याला मी नाही म्हणालो तर त्यांना माझ्या प्रकृतीची शंका आली.

सामना सुरू झाला. आमचा एक गोल, त्यांचा एक गोल. मैत्री डावीकडून नुसती वाऱ्यासारखी. कोच हाशिम म्हणून एक सज्जन, शांत मनुष्य होता. तोसुद्धा दोनदा टाळ्या वाजवून गेला. मी मनात पोरीला बँकॉकच्या विमानात बसवून मोकळा झालो.

मध्यंतरानंतर ती अशीच चेंडू घेऊन निघाली आणि समोरून एक दांडगी मुलगी आली. दोघींचे पाय एकाच वेळी चेंडूवर. समोरची उठली. मैत्री उठली नाही.

गुडघा दोन्ही हातांनी धरून ती बसली होती. ओरडली नाही. लोळली नाही. मी एवढे दाखले तपासलेले. न लोळणाऱ्या माणसाला काय झालेलं असतं ते मला कळायला नको होतं?

तिनं मान वर केली. कोचकडे नाही पाहिलं, पंचाकडे नाही पाहिलं. तंबूत मला शोधलं.

आता आपल्याकडची एक रीत तुम्हाला ठाऊकच आहे. पोर धडपडलं, भोकाड पसरायच्या बेतात आलं, की आपण काय म्हणतो? "अरे अरे, मुंगी मेली बघ!" पोर मुंगी शोधायला लागतं आणि रडायचं विसरतं. मैत्रीला अकोल्याच्या अंगणात मी असंच उठवलेलं. तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि फरशीवर पडायची, हा फरक माझ्या लक्षात यायला हवा होता. पण मी तर खुर्चीवरून उठलोसुद्धा होतो, आणि तंबू दणाणेल अशा आवाजात ओरडलो होतो :

"मुंगी मेली! मैत्री, मुंगी मेली! काही नाही झालं, ऊठ!"

ती हसली. डोळ्यांत पाणी आणि हसली. आणि उठली.

कोच बदली मुलीला घेऊन रेषेपर्यंत आला होता. मैत्रीनं त्याला हात हलवून खूण केली, ठीक आहे. त्याची खात्री पटेना. तो तंबूकडे वळला, घरचं मोठं माणूस कोण ते त्यानं शोधून काढलं आणि विचारलं, "अंकल, शी ओके ऑर नॉट?"

आता याचं उत्तर काय? 'मला माहीत नाही' हे तीन शब्दांचं उत्तर. नाहीतर 'तिला बाहेर घे' हे. पण मला माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी अधिकृतपणे, जाहीररीत्या, वैद्यकीय अभिप्राय विचारत होतं! मेडिकलवरून परत आलेला माणूस कामावर घ्यायचा तर दाखल्यावर एक ओळ लागते. ती ओळ मी हजारदा वाचली होती. लिहायचा अधिकार मात्र सिव्हिल सर्जनचा. मी छाती पुढे काढली आणि ती ओळ म्हणालो :

"फिट टू रिझ्यूम ड्यूटी!"

तंबू हसला. कोच हसला, त्यानं मला चक्क सलाम ठोकला आणि बदली मुलीला परत बसवलं.

बसलो. मिसेस टॅन माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. "अंकल, व्हॉट यू शाउट? सो पॉवर!"

मुंगीचं मरण इंग्रजीत कसं समजावणार? मी म्हणालो, "अवर ट्रॅडिशन."

तेवढं पुरे झालं. बाई पंखा उंच करून ओरडल्या, "मुंगी मेली!" मागच्या रांगेत एक स्कॉटिश गृहस्थ होते, भोंग्यासारख्या आवाजाचे. त्यांनी उचललं. मग टाळ्यांचा ठेका आला. मुंगी-मेली, टाळी-टाळी! मुंगी-मेली, टाळी-टाळी! बघता बघता अख्खा तंबू एका मुंगीच्या मयतावर आनंदानं नाचायला लागला. बाकावरच्या बदली मुलीही त्यात. मी तर काय, उत्सवमूर्ती. कोणीतरी माझी पाठ थोपटली.

मग माझं लक्ष मैत्रीच्या पायाकडे गेलं.

ती पळत होती, पण डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखी. उजवं पाऊल टेकायचं आणि लगेच उचलायचं, जणू खाली तापलेला तवा आहे. डावीकडून सुसाट निघणारी पोर आता मधल्या रेषेशीच घोटाळत होती. जरा थबकली, वाकली, गुडघ्यावर हात ठेवला, की तंबूतून उठायचं, मुंगी मेली! ती सरळ व्हायची. पुन्हा थबकली, पुन्हा मुंगी मेली! पुन्हा सरळ.

मी मिसेस टॅनना म्हणालो, "स्टॉप, स्टॉप, प्लीज." त्यांना वाटलं, अंकल भारावले. मी उभा राहिलो, लोकांकडे तोंड करून दोन्ही हात खालीवर करायला लागलो, थांबा, थांबा! आणि तंबूला वाटलं, म्हातारा ठेका देतोय! स्कॉटिश गृहस्थांनी माझ्या हातांबरहुकूम आवाज चढवला. मी जितके हात हलवावेत तितका गजर वाढतोय. माझ्याच हातांनी मी माझ्या नातीला पळवत होतो.

हसताय ना? हसा. मी दुसऱ्याचं ऐकलं असतं तर मीही हसलो असतो.

शेवटी तंबू सोडून रेषेकडे धावलो. रेषेवरच्या पंचानं झेंडा आडवा धरला. "अंकल, बिहाइंड द लाइन, प्लीज." मी म्हणतोय, "शी इज माय ग्रँडडॉटर, शी इज पेनिंग!" तो नम्रपणे म्हणतोय, "येस अंकल, बिहाइंड द लाइन." मैदानाच्या पलीकडे कोचला मी दोन्ही हातांनी खुणावलं. त्यानं पलीकडून अंगठा दाखवला.

कारण दाखला मीच दिला होता ना! एकदा फिटनेस दिल्यावर कोण विचारतंय?

सामना संपत आला होता. तेवढ्यात चेंडू मैत्रीकडे आला. जवळ कोणीही नव्हतं, समोर गोल मोकळा. तिनं वळण्यासाठी उजवा पाय रोवला आणि तो पाय तिच्याखाली घडी पडल्यासारखा मिटला. कोणी धक्का दिला नाही, कोणी अडवलं नाही. या वेळी ती ओरडली.

मिसेस टॅन एकट्याच सवयीनं "मुंगी…" म्हणाल्या आणि त्यांनी पंखा तोंडावर धरला.

मैत्रीनं या वेळी मला शोधलं नाही.

मी रेषा ओलांडली. पंचानं झेंडा खाली घेतला.

इस्पितळात डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी गुडघा हलवून पाहिला, फोटो काढायला पाठवलं, मग समजावून सांगितलं की आतला मोठा अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, तुटलाय, शस्त्रक्रिया लागेल, खेळ जवळपास वर्षभर बंद. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला. पहिल्यांदा लागल्यावर लगेच बाहेर आली होती का?

मी तोंड उघडलं. माझ्या आधी मैत्री म्हणाली, इंग्रजीत, "मला खेळायचं होतं. माझा निर्णय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मी विचारलं, "आधीच बाहेर आली असती तर एवढं झालं नसतं का?"

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "कदाचित."

त्यांनी एमसी लिहून माझ्या हातात दिली. मी ती वाचली नाही. घडी करून खिशात ठेवली.

मिलिंद तुआसहून थेट आला. पायात कारखान्याचे जाड बूट, डोक्यावर हेल्मेटचा वळ तसाच.

"बाबा, तुम्ही तिथेच होता ना?"

"होतो."

"मग कोणी तिला बाहेर का नाही काढलं?"

"कोचनं मला विचारलं होतं."

"मग?"

"मी फिट म्हणून सांगितलं."

मिलिंद आईवर गेला नाही, याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं. बोलला असता तर बरं झालं असतं. बूट तसेच घालून तो आत तिच्याकडे गेला.

त्याच्या आईनं मात्र कसर ठेवली नाही. घरी आल्यावर मला पाण्याचा पेला देत म्हणाल्या, "तुम्ही डॉक्टर कधी झालात?"

"अगं, सारी नोकरी दाखले तपासण्यात गेली…"

"तपासलेत. दिला होतात कधी?"

पाणी प्यालो.

शस्त्रक्रिया झाली. पोर कुबड्या घेऊन फ्लॅटभर ठक ठक करत हिंडू लागली. संघ बँकॉकला गेला. मैत्रिणींनी तिकडून तिला व्हिडिओ पाठवला, प्रेमानंच. सगळ्या एकमेकींच्या गळ्यात हात घालून ओरडतायत, मुंगी मेली, मुंगी मेली! तिनं तो शेवटपर्यंत पाहिला, "सो नाइस" म्हणाली आणि फोन पालथा ठेवला. पासपोर्ट अजून टेबलावरच होता. सुजातानं तो हळूच उचलून कपाटात टाकला.

मी सोफ्याच्या माझ्या टोकाला होतो. तिथूनच विचारलं, "मैत्री, पहिल्यांदा पडलीस तेव्हा फार दुखत होतं?"

"खूप."

"मग उठलीस कशाला?"

तिला आश्चर्य वाटलं. मला हे माहीतच असेल असं ती धरून चालली होती. "आजोबा, तुम्ही बघत होता. नाही उठले असते तर तुम्ही म्हणाला असता, सीएल."

"मी? तुला?"

"म्हणाला असता लाह."

मी म्हणालो असतो का? रात्रंदिवस विचार करतोय. त्या क्षणी कदाचित नसतो म्हणालो. पण घरी आल्यावर, गुडघ्यावर बर्फ ठेवताना, चेष्टेत? म्हणालो असतो. नक्की म्हणालो असतो. आणि ती हसली असती.

त्यानंतर आम्ही सामने बघितले, पण पडद्यावर कोणी पडलं तर मी पेपरात डोकं घालत असे. एकदा एक जण पोटरी धरून गडाबडा लोळला. मैत्री शांतपणे म्हणाली, "दुखत असेल त्याला." मी म्हणालो, "हो, दुखत असेल." दोन मिनिटांत तो उठून गोल करून आला. आम्ही दोघांनीही त्याची रजा मंजूर केली.

वर्ष उलटलं. व्यायाम, तलाव, पुन्हा व्यायाम. डॉक्टरांनी परवानगी दिली. खऱ्या डॉक्टरांनी. मैत्री संघात परतली, पण राखीव म्हणून. तिची डावी बाजू आता दुसऱ्या मुलीकडे होती. पहिल्या सामन्याच्या दिवशी मी पांढरा शर्ट घालून, टोपी घेऊन दारात उभा.

"आजोबा, तुम्ही नको."

"ओरडणार नाही गं. शपथ."

"ओरडण्याचं नाही." ती बुटाची नाडी बांधत होती, खाली बघूनच बोलली. आणि सगळं मराठीत बोलली, म्हणून जास्त लागलं. "तुम्ही असलात ना, की मला दुखलं तरी मी सांगणार नाही. मला माहीत आहे माझं. म्हणून नको."

मी टोपी खुंटीला लावली.

समोरासमोर बोलायला गेलो तर माझा आवाज घसरतो. म्हणून मला येतं तेच केलं. अर्ज लिहिला. 'मैदानावर उपस्थित राहण्याची परवानगी मिळणेबाबत.' त्यात हमी दिली की अर्जदार तोंड उघडणार नाही, कोणत्याही खेळाडूच्या दुखापतीचे वर्गीकरण करणार नाही, प्रकृतीविषयी कोणताही अभिप्राय देणार नाही, आणि मिसेस टॅन यांच्यापासून सुरक्षित अंतरावर बसेल. सोबत असंही लिहिलं, की खेळाडूनं दुखलं म्हणून मैदान सोडल्यास अर्जदार उभा राहून टाळ्या वाजवील.

अर्ज रीतसर, योग्य मार्गानं जायला हवा, म्हणून मंडळींच्या हाती दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि खाली शेरा मारला : 'शिफारस नाही.' चाळीस वर्षांचा संसार!

मैत्रीनं वाचला. शेवटच्या ओळीशी थांबली, तेवढं मी पाहिलं. मग तिनं कोपऱ्यात इंग्रजीत तीन अक्षरं लिहिली, केआयव्ही, आणि अर्ज फ्रिजवर चुंबकाखाली अडकवला. मी मिलिंदला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "बाबा, इथल्या ऑफिसांत लिहितात. म्हणजे नाकारलेला नाही, लक्षात ठेवलेला आहे. तुमच्याकडे काय म्हणायचे?"

आमच्याकडे 'विचाराधीन' म्हणायचे. त्याचा अर्थ काय होतो ते मी मिलिंदला सांगितलं नाही.

महिन्याभरानं स्मरणपत्र दिलं. ते मूळ अर्जाला जोडून त्याच चुंबकाखाली ठेवण्यात आलं.

आज शनिवार. मैत्री आणि सुजाता सकाळीच मैदानावर गेल्या आहेत. अर्ज फ्रिजवर आहे. त्यावर अद्याप निर्णय झालेला नाही.